आम्ही शॉकअप बदलतो

कॉमर्सच्या पदवीधराला इच्छा नसतात, असा एक गैरसमज आहे. इच्छा असतात, फक्त त्या खर्ची न टाकता दरवर्षी 'मागील पानावरून पुढे' असं लिहून ओढत न्यायची त्याला सवय असते. कुणाला काश्मीर बघायचं असतं, कुणाला पेटी शिकायची असते, आमच्या हेडकॅशियरना गेली अकरा वर्षं मिशा ठेवायच्या आहेत. माझीही एक इच्छा अशीच वीस वर्षं पुढे ओढत आणलेली होती. फरक इतकाच, की ती तासाला दोनशेच्या पुढे जाणारी होती.

२००५ साली मी बँकेत नवीन चिकटलो तेव्हा आमच्या गावाचं नाव औरंगाबाद होतं; आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. गावाबाहेर शेंद्र्याला २००१ सालापासून स्कोडाच्या मोटारी जुळत. सुटे भाग परदेशातून खोक्यात बसून येत आणि मोटार होऊन जालना रोडनं बाहेर पडत. त्यातलीच एक ऑक्टाविया आरएस, एका चालू खातेदाराबरोबर, आमच्या शाखेसमोर येऊन उभी राहायला लागली. बाहेरून बघाल तर मोठ्या डिकीची, सभ्य, संसारी गाडी. लग्नाच्या याद्या वाटायला न्यावी अशी. पण आत १८०० सीसीचं टर्बो इंजिन आणि दीडशे घोडे! म्हणजे वरून कारकून आणि आतून नेपोलियन. मला एकदम आपली माणसं भेटल्यासारखं झालं.

एकदा मी त्या खातेदारांना चेकबुक घरपोच करण्याच्या मिषानं गाडीपर्यंत गेलो. माझी नजर बघून ते म्हणाले, "बसा की." मी बसलो. ड्रायव्हरच्या सीटवर, पाच मिनिटं, किल्ली नसताना. तेवढ्यात मनातल्या मनात मी नगर गाठून परत आलो.

त्यानंतर पगारवाढी झाल्या, लग्न झालं, चिरंजीव झाले, घराचं कर्ज झालं. आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला तीच गाडी, म्हणजे तसलीच, २००६ सालची, विकाऊ दिसली. पंधरा वर्षं भरल्यावर फेरनोंदणी केलेली, पर्यावरण कर भरलेली. किमतीबद्दल म्हणाल, तर हिला सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांची बेरीज करून दोननं भागा. जे उत्तर येईल ते कुठल्याही कागदावर नाही.

"अहो, एकोणीस वर्षांची गाडी?" हिनं विचारलं.

"आपल्या लग्नालाही एकोणीस झाली," मी म्हणालो. त्यावर ती जे गप्प बसली, ते पाठिंबा म्हणून नव्हे, एवढं मला नंतर कळलं.

गाडी पळायला अजून खाशी होती. समृद्धी महामार्गावर सावंगीला चढलो, मोटारींना कायद्यानं दिलेल्या ताशी १२०ला काटा नेऊन टेकवला, आणि वीस वर्षांचा थकलेला लाभांश पाच मिनिटांत पदरात पडला. भानगड महामार्गावर नव्हतीच. ती घरी परत येताना, गल्लीच्या तोंडाशी सुरू होत होती. तिथल्या खड्ड्यांतून जाताना गाडी असा आवाज करी, की जणू डिकीत कुणीतरी भांड्यांची बोहारीण कोंडली आहे. यात गाडीचा दोष नव्हता. एकोणीस वर्षं आपल्या रस्त्यांवर काढली तर माणूससुद्धा उठता-बसता वाजतो.

मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही, दिवा घेतला नाही, काही नाही. पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळहात ठेवले, एकदा जोरात दाबलं आणि हात काढून घेतले. गाडी खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली, आणि पाळण्यासारखी झुलत राहिली.

"एकदा वर यायला पाहिजे अन् गप बसायला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "साहेब, शॉकअप गेले."

मग ते गाडीखाली शिरले आणि तिथून एकेक मृत्युलेख यायला लागला.

"लिंक गेल्या."

वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलं आहे, की माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "मग अर्ध्या तासानं या."

"लिंक रॉड, साहेब," मिस्त्री खालून म्हणाले. "दोन्ही बाजूचे. अन् बुश गेले."

बुश २००९ सालीच गेले, हा विनोद माझ्या ओठांवर आला होता. पण गाडीखाली असलेल्या माणसाला हसवू नये. लोअर आर्मला आणि मागच्या आडव्या दांड्याला जिथे गाडीचा सांगाडा भेटतो, तिथे लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून रबराचे गोळे असतात. नवराबायकोच्या मध्ये सासूबाई असतात तसे. त्यांना बुश म्हणतात. ते फाटले, की दोघांचा थेट संवाद सुरू होतो आणि तो सबंध गल्लीला ऐकू जातो.

मी खिशातला कागद काढून बँकेच्या पद्धतीनं वर्गवारी केली. शॉकअप: सबस्टँडर्ड. बुश: डाउटफुल. लिंक रॉड: लॉस अ‍ॅसेट. वसुलीची आशा नाही, तरतूद शंभर टक्के.

तरतूद करायची, तर वस्तू काय आहे ते कळायला हवं. मी चौकशी केली, आणि लक्षात आलं, की शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच धादांत खोटं आहे. धक्का शोषणं हे त्याचं काम नव्हेच, ते स्प्रिंगचं. पण स्प्रिंग म्हणजे मुदत ठेव. जे घेतलं ते परत करणार. चाक खड्ड्यात गेलं की ती धक्का पोटात घेते, लगेच परत करते, पुन्हा घेते, पुन्हा परत करते. नुसत्या स्प्रिंगवर सोडली, तर गाडी एका खड्ड्याचा हिशोब पुढच्या खड्ड्यापर्यंत चुकता करीत राहील. तिला आवरण्यासाठी शॉकअप. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. चाक वरखाली झालं, की त्या सगळ्या तेलाला त्या एवढ्याशा भोकांतून पलीकडे जावं लागतं. जितक्या घाईनं ढकलाल तितका अडथळा जास्त. आणि ती सगळी धडपड शेवटी उष्णता होऊन जिरते.

हे ऐकल्यावर मला एकदम ओळख पटली. एवढी मोठी गर्दी, पलीकडे जायला एकच बारीक खिडकी, जितकी घाई कराल तितका विरोध जास्त आणि शेवटी सगळ्यांचंच डोकं गरम. अहो, ही तर आमची शाखा! म्हणजे मी वीस वर्षं ज्याची नोकरी करतो आहे, त्यालाच इंजिनिअर मंडळी डॅम्पिंग म्हणतात. शॉकअपबद्दल माझ्या मनात जो बंधुभाव उत्पन्न झाला, तो आजतागायत कमी झालेला नाही.

आता प्रश्न खरेदीचा. बँकेचा माणूस घरात फुलझाडाची कुंडी घेतली तरी तीन कोटेशनं मागवतो. मी मागवली.

पण त्याआधी एक शोध लागला. आमच्या गाडीला भाऊबंद फार. तिचा खालचा सांगाडा तिच्या एकटीचा नाही. फोक्सवॅगनची चौथ्या पिढीची गोल्फ, त्या काळची ऑडी ए-थ्री आणि ती पाठीवरून हात फिरवावासा वाटणारी नवी बीटल, या सगळ्या एकाच गोत्रातल्या. त्यामुळे एका घरचे भाग दुसऱ्या घरी पुष्कळदा चालतात. म्हणजे आमच्या गाडीची इथली स्थळं संपली, तरी जर्मनीत चुलत घराणी होती. फक्त पत्रिका नीट जुळवावी लागते. इंजिनाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलते, आणि ती कुठली ते ओळखायला तिच्यावर रंगाचे ठिपके मारलेले असतात. ठिपके न बघता मागवली, तर नवरी उंच आणि नवरा बुटका अशी गत होऊन गाडीचं नाक वर राहतं.

हे सगळं मला सांगितलं माझ्या भाच्यानं. तो इंजिनिअरिंगला आहे. हल्ली प्रत्येक घरात एक इंजिनिअरिंगला असतो आणि तो घरातल्या चालू वस्तू उघडतो. भाच्यानं मोबाइलवर मला एवढे व्हिडिओ दाखवले, की सात दिवसांत मी 'मामा'चा 'मॅक्फर्सन' झालो. मॅक्फर्सन म्हणजे ते अमेरिकन इंजिनिअर, ज्यांनी पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवायची युक्ती काढली. १९५०च्या सुमाराला फोर्डच्या इंग्लंडमधल्या मोटारींत ती आली आणि आज निम्म्या जगाच्या पुढच्या चाकांखाली तोच खांब उभा आहे. खांबाच्या डोक्यावर रबरी माउंटिंग, त्यात बेअरिंग, आत दांड्यावर आदळ सोसायला रबराचा ठोकळा. शॉकअप बदलायचा तर हे सगळं लटांबर बदलायचं, आणि तेही दोन्ही बाजूंचं. एकच बदलला, तर एक पाय चपलेत आणि एक बुटात घालून चालल्यासारखं होतं.

तर कोटेशनं. पहिलं, मिस्त्रींचं: कारखान्यातून निघताना गाडी जशी होती तसे साधे शॉकअप, साध्या स्प्रिंगा. बिलस्टीन या जर्मन कंपनीच्या भाषेत याला 'बी ४' म्हणतात. दुसरं, 'बी ६': रंगानं पिवळे धमक. साध्यात बहुधा नळीत नळी असते. यात एकच जाड नळी, तेलावर नायट्रोजनचा दाब, त्यामुळे तेलाला फेस धरत नाही. स्प्रिंगा जुन्याच चालतात, पण वळणावर गाडी झुकायचं नाव घेत नाही. तिसरं, 'बी ८' आणि जोडीला आयबाखच्या आखूड स्प्रिंगा: म्हणजे कडक तर कडक, शिवाय गाडी सुमारे तीन सेंटिमीटर खाली. कुणीतरी हॉलंडच्या कोनीचं नाव सुचवलं. त्यांच्या एका जातीत स्क्रू पिळून शॉकअप कमी-जास्त कडक करता येतो. असा स्क्रू आमच्या शाखाधिकाऱ्यांना असता, तर काय बहार झाली असती!

पहिल्या कोटेशनात पाच आकडे होते. दुसऱ्यातही पाचच, पण पुढचा आकडा बघून घाम फुटत होता. तिसऱ्यात कस्टम आणि हमाली धरून सहा झाले.

"मामा, तिसरं," भाचा म्हणाला. "नाहीतर सरळ कॉइलओव्हर बसवा. पान्यानं हवी तेवढी खाली घेता येते. गाडीला स्टान्स पाहिजे."

"स्टान्स म्हणजे?"

"खाली."

बसायला पाट घेतो त्यापेक्षाही खाली, असं त्यानं दाखवलेल्या फोटोंवरून दिसत होतं. त्या गाड्यांच्या चाकात आणि पंख्यात बोटही शिरलं नसतं. आमचे चिरंजीव अर्थातच भाच्याच्या बाजूचे. ही म्हणाली, "मला साडी सावरून बसता येईल ना?" तिचं मत तटस्थ म्हणून नोंदवलं.

कॉइलओव्हरचा प्रस्ताव आमच्याच शाखेतल्या विम्याचं बघणाऱ्या सहकाऱ्यांनी फेटाळला. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असे फेरफार गाडीत करायचे नाहीत. "उद्या क्लेम आला तर तो टेपनं उंची मोजेल," ते म्हणाले. विमा कंपनीचा माणूस गाडीखाली टेप घेऊन झोपला आहे, हे दृश्य मला सुखावून गेलं; पण धोका पत्करायला धीर झाला नाही.

आखूड स्प्रिंगांचं काय? यासाठी मी गल्लीतला गतिरोधक मोजायचं ठरवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून अलगद उतरते. आमचा गतिरोधक कुणीतरी उरलेल्या सिमेंटात, उरलेल्या रागानं बांधलेला आहे. हिची शिवणाची टेप घेऊन मी रस्त्यात बसलो. रुंदी पाऊण हात भरली. उंची मोजायला वाकलो, तेवढ्यात मागून रिक्षा आली. "काका, काय हरवलं?" रिक्षावाल्यानं विचारलं. "माप," मी म्हणालो. तो 'आलं लक्षात' अशा चेहऱ्यानं लांबून वळसा घालून गेला.

थोडक्यात, तिसरं गेलं. उरली दोन. माझं मन पिवळ्या 'बी ६'वर बसलं. त्या रंगावरच बसलं म्हणा ना! वळणावर न झुकणारी गाडी हवी, खुलताबादच्या घाटात रस्त्याला चिकटून जाणारी हवी. बुशसुद्धा रबराचे नकोत, कडक पॉलियुरेथेनचे. कडक म्हणजे जोरदार, आणि मऊ म्हणजे म्हातारपण, असं समीकरण मी मांडलं होतं. मंजुरीची टिप्पणी मनात लिहून झाली होती. प्रस्तावक मी, तपासणार मी, मंजूर करणार मी. बँकेत असं केलं तर नोकरी जाते.

इथे अण्णांना आणलं पाहिजे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९. एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर. पाट्यांच्या स्प्रिंगवर उभ्या मराठवाड्याला घेऊन हिंडलेला माणूस. आता मणक्यात गॅप आहे. दर पंधरा दिवसांनी फिजिओथेरपीला न्यावं लागतं. गाडी आल्यावर मी त्यांना मोठ्या मानानं पुढे बसवायला गेलो, तर म्हणाले, "मी मागं बसतो. पुढं बसलं, की पाय ब्रेक हुडकतो अन् कंबर दुखती." पहिल्या दिवशी दवाखान्यात जाऊन आलो. "कशी आहे गाडी?" मी विचारलं. "मस्त पळती," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन पडले. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "आज रिक्षानं जाऊ. तुझं पेट्रोल कशाला जाळायलास?" मला बरंच वाटलं. कॉमर्सच्या पदवीधराचा बाप शोभतो, म्हटलं.

कोटेशनवर सही करायच्या आदल्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "साहेब, एक चक्कर मारू. मागून अजून एक आवाज येतोय. मी चालवतो, तुम्ही मागं बसा अन् कुठल्या बाजूनं येतो तेवढं सांगा."

मी मागं बसलो. गाडी घेऊन चार महिने झाले होते, आणि मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो.

सीटवर, अण्णा बसतात त्या कोपऱ्यात, गोधडीची चौघडी ठेवलेली होती. मला वाटे एसीचा गारठा लागतो म्हणून असेल. मिस्त्री निघाले. पहिल्याच खड्ड्याला ती गोधडी कशासाठी आहे, ते मला खालून कळलं. दुसऱ्या खड्ड्याला माझा हात आपोआप दारावरच्या हँडलला गेला. तिसऱ्या खड्ड्याचा धक्का कमरेतून निघून दातांपर्यंत आला, आणि तो ओसरायच्या आत चौथा आला. समोर मिस्त्री स्टिअरिंगला धरून मजेत शीळ घालीत होते. त्यांना काहीच लागत नव्हतं. मलाही तिथे बसून कधी काही लागलं नव्हतं.

"कुठल्या बाजूनं येतो, साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

"सगळ्या," मी म्हणालो.

संध्याकाळी अण्णांसमोर बसलो. "अण्णा, मागं एवढं लागतं, तर सांगायचं नाही का?"

अण्णा पेपराआडून म्हणाले, "काय सांगायचं? वीस वर्षं गाडी गाडी करत होतास. हौसेनं घेतलीस."

मग पेपर खाली ठेवला आणि हसले. "अन् मी कुठल्या तोंडानं सांगू? एकतीस वर्षं मागच्या सीटवरची माणसं 'ड्रायव्हर, हळू' म्हणून बोंबलायची. मला पुढं काहीच लागायचं नाही. मला वाटायचं, नाटकं करायलेत. आता ते सगळे एकदमच वसूल करायलेत, असं समज."

त्यावर मला बोलता येईना. बँकेत इतकी वर्षं काढूनही अशी थकबाकी मी पाहिली नव्हती.

रात्री भाचा आला. मी त्याला सगळं सांगितलं. पोरगं चांगलं आहे. मोबाइल खाली ठेवून चक्क वही काढली. "मामा, आम्हाला व्हायब्रेशन विषय आहे," तो म्हणाला. साध्या घरगुती मोटारीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा डुलतं. माणूस चालतानाच्या ठेक्याच्या आसपासच आहे ते, म्हणून शरीराला खपतं. शर्यतीच्या गाडीसारखं कडक करत नेलं, की हा ठेका वाढतो. आणि बसलेल्या माणसाला वरखाली हादरे सगळ्यांत जास्त बाधतात ते सेकंदाला चार ते आठच्या दरम्यानचे. "अन् मामा, आणखी एक," तो थोडा ओशाळून म्हणाला, "रस्ता खराब असला, तर फार कडक गाडी जोरातसुद्धा जात नाही. चाक उडतं. उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण."

"मग तो स्टान्स?"

"तो उभ्या गाडीसाठी असतो," भाचा म्हणाला.

मी पिवळ्या रंगाला मनातल्या मनात रामराम केला. आता हिशोब सरळ होता. कोटेशन क्रमांक एक. चारही शॉकअप साधे. वरची माउंटिंगं, बेअरिंगं, आदळायचे ठोकळे नवे. बुश रबराचेच. लिंक रॉड दोन्ही. कर्ज मंजूर करताना आम्ही कर्जदाराला म्हणतो, पैसा कशासाठी हवा ते आधी सांगा. हा प्रश्न मी मला विचारलाच नव्हता. मी विचारत होतो, गाडी किती जोरात वळेल. विचारायला हवं होतं, की वळेल तेव्हा मागं कोण बसलेलं असेल.

काम दीड दिवस चाललं. पुढचा खांब खालच्या पकडीत एकोणीस वर्षं रुतून बसला होता. मिस्त्रींनी पकडीच्या फटीत एक खास किल्ली घालून ती फाकवली, तेव्हा कुठे तो निघाला. बँकेतून पदोन्नतीवर बदली झालेला माणूससुद्धा इतक्या नाखुशीनं टेबल सोडत नाही. जुन्या शॉकअपचा दांडा हातानं दाबला, तो हलकेच खाली गेला आणि तिथेच बसून राहिला. पेन्शनर झाला होता बिचारा. नव्याचा दाबून बघितला, तर माझ्या दोन्ही हातांना दाद देईना. म्हणजे मऊ आणि ढिला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला वयाच्या सतराव्या वर्षी कळायला हवं होतं; शेहेचाळिसाव्या वर्षी गॅरेजमध्ये कळलं. शेवटी चाकांचं अलाइनमेंट झालं. निघताना मिस्त्रींनी पेट्रोलच्या झाकणाच्या आतला कागद दाखवला. टायरमध्ये हवा किती भरायची ते त्यावर लिहिलेलं होतं. मी चार महिने पंपावरच्या पोराच्या मर्जीनं भरत होतो आणि पोरगं हात सैल सोडून भरत होतं. "टायर पण स्प्रिंगच असतो, साहेब," मिस्त्री म्हणाले. हा सल्ला फुकट मिळाला, म्हणून मला विशेष आवडला.

दुसऱ्या दिवशी मी आधी हिला चालवायला दिली आणि मागच्या सीटवर, गोधडी काढून, अण्णांच्या कोपऱ्यात बसलो. गल्ली, गतिरोधक, खड्डे, सगळं झालं. बोहारीण उतरून गेली होती. धक्का यायचा, एकदा 'आलो' म्हणायचा आणि जायचा. मग समृद्धीवर मी चालवली. १२०ला गाडी इतकी शांत होती, की मला क्षणभर काटा बिघडल्याची शंका आली. पिवळे शॉकअप घेतले असते, तर वळणावर आणखी थोडी मजा आली असती, हे मी नाकबूल करत नाही. घाटात एखादेवेळी अजून मनात येतं. पुढील पानावर ओढलं आहे.

या प्रकरणाचा एक बाजूचा परिणाम झाला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी काउंटरच्या बाहेर जाऊन, माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. खिडकी अशी बसवली आहे, की आत बोलायला सरळ माणसाला वाकावं लागतं आणि वाकलेल्याला आणखी वाकावं लागतं. पेन्शनच्या तारखेला तिथे अण्णांच्या वयाची चाळीसेक माणसं उभी असतात आणि विचारलं तर 'काही त्रास नाही' म्हणतात. मी शाखाधिकाऱ्यांकडे दोन खुर्च्या मागितल्या. त्यांनी तीन कोटेशनं मागवायला सांगितली आहेत. तोपर्यंत माझी खुर्ची मी बाहेर ठेवतो आणि उभ्यानं काम करतो. कंबर दुखते, पण काम भराभर होतं, असा लोकांचा अभिप्राय आहे.

आणि अण्णा? त्या आठवड्यात फिजिओथेरपीहून आणताना मी आरशात बघत होतो. गल्लीच्या तोंडाशी नेहमी त्यांचा हात हँडलला जायचा. या वेळी गेला नाही. गतिरोधक आला, गेला. बघतो तर मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. एस.टी.चा ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत झोपतो, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आर.टी.ओ.सुद्धा देऊ शकत नाही. मी वेग आणखी कमी केला. मागून सायकलवाला पोरगा पुढे निघून गेला.

"कितीची म्हणालास रे ही गाडी?" मिटल्या डोळ्यांनीच अण्णांनी विचारलं. "घोड्यांची?"

"दीडशे."

"मग एकच कसा काय चालायलाय?"

"बाकीचे झोपलेत, अण्णा," मी म्हणालो. "तुम्ही पण झोपा."